मामांचा फाड्या

मावळ तालुक्यात माझ्या सासऱ्यांइतका प्रेमळ माणूस शोधून सापडणार नाही. अट एवढीच, की ज्याच्यावर प्रेम करायचं ते आधी बिघडलेलं असलं पाहिजे. धडधाकट वस्तूकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. औंढ्यात त्यांच्या शेजाऱ्यांनी नवाकोरा ट्रॅक्टर आणला, त्याला झेंडूच्या माळा घातल्या, गावभर पेढे वाटले, तेव्हा आमचे मामा (सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणायची आमच्याकडे रीत आहे) पेढा हातात धरून मयताला आल्यासारखे उभे होते. पुढे काही वर्षांनी त्याच ट्रॅक्टरला नांगर उचलवेना, भर वावरात तो रुतून बसलाय, असं कानावर आलं मात्र, मामा भरल्या ताटावरून उठले आणि अनवाणी बांधावरून पळत सुटले. माणसांनाही हाच न्याय. ठणठणीत नातेवाइकांची ते वर्षानुवर्षं चौकशी करत नाहीत. पण एका चुलतभावाचा गुडघा धरला, तर रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचे, त्याला पाय दुमडायला आणि सोडायला लावून गुडघ्याला कान लावायचे, आणि "सील गेलंय, दुसरं काय न्हाई," असं निदान करून वहिनींच्या हातचा चहा पिऊन परतायचे. गुडघा बरा झाला आणि मामांचं येणंही थांबलं. त्याचं आपल्याला फार वाईट वाटलं, असं त्या चुलतभावानेच मला सांगितलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलगी बघायला गेलो तेव्हा. पगार, घर, शेती, व्यसन, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी घोकून गेलो होतो. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी मांडीवर ठेवून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मशीन बंद पडलं तर तुमी पयलं काय बघता?" माझं वडगावला कचेरीबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. मला वाटलं, धंद्याविषयी विचारताहेत. मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की काही बघत नाही, मेकॅनिकला फोन करतो. मामांनी बशी खाली ठेवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. लग्न तिथंच मोडायचं, पण स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या की पोरगा खोटं तरी बोलला नाही, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा माझ्या वडिलांना 'समदं येतं' म्हणून सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं. ते लागलं वडगावच्या विहारात. वंदना चालू असताना लाउडस्पीकर गुणगुणायला लागला आणि वधूपिता गायब झाले. मंडपामागे जनरेटरखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि आशीर्वाद घ्यायला आम्ही नवरा-बायको तिथंच गेलो.

मामांची सगळी नोकरी तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात झाली. लोकलने घोरावाडीला उतरायचं आणि चालत जायचं. पत्रा दाबायच्या मोठमोठ्या प्रेसा तिथं होत्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, आणि त्यांची देखभाल मामांकडे होती. म्हणजे रोज काही ना काही बिघडलेलं असायचं आणि मामा रोज सुखात असायचे. निवृत्त झाले आणि घरी येऊन बघतात तो काय, घरात सगळं चालू होतं. मामी सांगतात, त्या दिवसांत ते येता-जाता खुर्च्यांचे पाय हलवून बघायचे. शेवटी लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याने त्यांना वाचवलं. शेकोटीसाठी ओंडके फोडायचं एक परदेशी यंत्र त्याने हौसेने आणलं होतं. ते एक हिवाळा चाललं आणि मग बंद पडून फणसाखाली पडून राहिलं. त्याच्यावर कोंबड्या अंडी घालायला लागल्या, तेव्हा माळी म्हणाला, न्या उचलून. मामांनी ते टेम्पोत घालून औंढ्याला आणलं, पेट्रोलचं इंजिन काढून मोटर बसवली, आणि गावाने त्याचं नाव ठेवलं फाड्या. दिसायला अगदी साधा प्रकार: लांब लोखंडी पाट, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. पंप तेल ढकलतो, तेल दांडा ढकलतं, दांडा ओंडका पाचरीवर नेतो आणि बाभळीच्या गाठीसुद्धा कडाकडा फुटतात. वादळात पडलेले आंबे, नीलगिरी, सुबाभूळ, सगळं त्याच्यापुढे येऊ लागलं. बंगल्यांच्या शेकोट्या आणि 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या लावलेली हॉटेलं मामांनी फोडलेल्या लाकडांवर चालू लागली.

फाड्या अडला तर काय कोणत्या क्रमाने तपासायचं, हे मामांना त्रिसरणासारखं पाठ आहे. आधी टाकीतलं तेल, मग गाळणी, मग पाइप आणि त्यांच्या क्लिपा, मग व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी सिलिंडर. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, हे ते आल्या-गेल्याला समजावून सांगतात. स्वतः मात्र थेट सिलिंडर खोलायला बसतात. सोपं काहीतरी बिघडलंय, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. एकदा त्यांनी सबंध दिवस घालून सिलिंडर सुटा केला, सगळे भाग मामींनी पापड वाळत घातलेल्या पलंगपोसावर ओळीने मांडले आणि सीलकडे भिंगातून बघत बसले. मामी पापड उचलायला आल्या. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, खराट्याची काडी आत बुडवली आणि कोरडी काडी मामांच्या नाकासमोर धरली. "आता तितंच येनार व्हतो मी," मामा म्हणाले. पावसाळ्यात आमच्याकडे टाकीत पाणी शिरतं आणि तेलाचा रंग थेट दुधाच्या चहासारखा होतो. तसं तेल मामांनी एकदा मामींना दाखवायला काचेच्या ग्लासात आणलं आणि ओट्यावर ठेवलं. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी 'माझा चहा वाटतं' म्हणत तो ग्लास उचलला. ओठाला लागायच्या आत मामींनी झडप घातली म्हणून बरं. मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या वाटीत ओ-रिंगा, जिऱ्याच्या वाटीत वायसर, आणि मामींच्या अंबाड्याला दिसायला बारीक पण जन्मात न तुटणारी काळी रिंग, हे मी लग्न झाल्यापासून बघतोय. त्या घरच्या चहाला जो एक वास येतो, तो गाळणी दोन्हीकडे वापरल्याचा.

खरं तर ते यंत्र एकट्याने चालवायचं. सगळ्या जगात एकच माणूस ओंडका ठेवतो आणि तोच यंत्र चालवायची दांडी दाबतो. मामांनी मात्र दांडीला एक लांब पाइप जोडून ती शेवग्याच्या सावलीपर्यंत नेली, तिथं प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि स्टुलावर मामींना बसवलं. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, सुरक्षिततेसाठी. ती दांडी मामांच्या हाताला पोचतच नसे. मामा ओंडका ठेवून म्हणायचे "हान," मामी दाबायच्या. "सोड" म्हटलं की सोडायच्या. मधल्या वेळात एका हाताने भाजी निवडणं चालायचं. औंढ्यातली सगळी खबरबात, पोरींच्या सासरच्या गोष्टी, कुणाच्या म्हशीला काय झालं, हे सगळं हान आणि सोड यांच्यामध्ये. भांडण झालं तर मामी ओंडका अर्धा चिरला असताना दांडी सोडायच्या आणि वरण बघायला आत निघून जायच्या. मामा पाचरीत अडकलेल्या ओंडक्यावर हात ठेवून, त्या परत येईपर्यंत तसेच उभे. आणि मामींचा कान असा होता, की फाड्याचा आवाज जरा बदलला तरी त्या मान वर न करता सांगायच्या. 'रडतोय' म्हणाल्या तर पंप हवा घेतोय, 'घसा बसला' म्हणाल्या तर गाळणी तुंबलीय, 'दम लागलाय' म्हणाल्या तर मामांनी हावरटासारखा मोठा ओंडका ठेवलाय. मामा हे कधीच मान्य करायचे नाहीत. तासभर सिलिंडरला हात लावून मग निमूटपणे त्यांनी सांगितलेल्या जागी जायचे.

मग माझ्या धाकट्या मेहुणीला बंगळुरात बाळ झालं. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीला, म्हणून मामी तिकडे गेल्या, बाळ बसायला लागेपर्यंत. बाळ बसायला लागलं, तेव्हा रांगेपर्यंत असं ठरलं. रांगायला लागल्यावर तर पोराला एक मिनिट सोडवेना, तेव्हा चालेपर्यंत. तुम्हीही या, असं पोरगी मामांना दर फोनवर म्हणायची, आणि मामा दर वेळी म्हणायचे, फाड्याला कोण बघणार. मामींना मात्र 'तू ये' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. बायकोला ये म्हणणं त्यांच्या पिढीत बसत नाही. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हासुद्धा, गाडी हलेपर्यंत, डब्याच्या ब्रेकमधून हवा गळतेय एवढंच ते बोलले होते. शेवग्याखालचं स्टूल त्यांनी आत नेलं नाही. पाऊस आला तरी ते तिथंच भिजत राहिलं.

मामी गेल्या आणि फाड्या आजारी पडायला लागला. आज जोर लावत नाही, उद्या दांडा धक्के देत पुढे सरकतो, परवा तेल तापतं. दर रविवारी माझी बायको मला औंढ्याला पिटाळायची, बाबा एकटेच आहेत म्हणून. मी त्या भिजक्या स्टुलावर बसून दांडी दाबायचो. मला ते कधी जमलं नाही. 'हान' म्हटल्यावर मी आधी बघायचो, मग दाबायचो, तोवर मामांचा ओंडका कलंडलेला असायचा. "तुमचा हात कचेरीतला हाय, जावई," असं ते चिडून नाही, समजुतीने म्हणायचे. चार वाजले, बंगळुरात बाळ झोपलं, की मात्र मामांचा चेहरा खुलायचा. ते फोन लावायचे, आवाज मोठा करायचे, काही न बोलता फोन थेट पंपाजवळ धरायचे आणि म्हणायचे, "ऐक." तिकडे मामी ऐकायच्या. मग गाळणी काढा, तेल बदला, त्या कोपऱ्यातला पाइप चेपलाय का बघा, असं सांगायच्या. मामा हुं हुं करायचे. त्यातूनच तू जेवलीस का, थंडी आहे का, बाळ तुझ्याकडे बघून हसतं का, असं थोडंथोडं निघायचं. दुरुस्ती झाली की फोन संपला. बिचाऱ्या जुन्या यंत्राला इतके रोग व्हावेत, याचं मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं.

एका रविवारी फाड्या अगदी छान चालला. सकाळपासून आम्ही एका बंगल्यासाठी नीलगिरीचा ढीग फोडला, कुठं कुरकुर नाही, तेल थंड, दांडा लोण्यातून गेल्यासारखा. मी मामांचं अभिनंदन केलं तर ते म्हणाले, "बगू." चारच्या सुमाराला मी हात धुवून मोरीतून बाहेर आलो, तेव्हा ते टाकीशी उकिडवे बसले होते आणि स्क्रू-ड्रायव्हरने टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप ढिली करत होते. घट्ट नव्हे, ढिली. मग त्यांनी मोटर चालू केली. ढिल्या जागेतून हवा आत शिरली आणि पंप असा काही रडायला लागला की शेवग्यावरची पाखरं उडाली. मामांनी मान वळवली, मला बघितलं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने फोन लावला. मी तिथंच उभा राहिलो. त्यांना आपण बघायला नको होतं, असं मला वाटलं.

"ऐक," मामा म्हणाले.

मामींनी ऐकलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. "हवा घेतोय," त्या म्हणाल्या. "क्लिप ढिली हाय." मग जरा थांबून, "आज लयच ढिली केलीया तुमी. पंप जाईल तो."

पंप रडतच होता.

"बंद करा आदी त्ये," मामी म्हणाल्या. "काय बोलायचं त्ये नीट बोला."

मामांनी मोटर बंद केली. एवढा वेळ त्या आवाजाच्या आडोशाला उभा असलेला माणूस एकदम उघड्यावर आला. फोन मोठ्या आवाजावर आहे हे विसरून त्यांनी तो कानाला लावला, दुसरा हात लेंग्याला पुसला, परत पुसला. त्यांच्याकडे एकही बिघाड शिल्लक नव्हता.

"करमत न्हाई," ते म्हणाले.

मग मामी म्हणाल्या, "मला कुटं करमतंय? पन लेकराला टाकून कशी येऊ? तुमीच या हिकडं." फाड्याला कोण बघणार, हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणूनही टाकलं होतं. मामा ते म्हणाले नाहीत. ते "व्हय" म्हणाले आणि फोन बंद करून क्लिप आवळायला बसले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण सासऱ्यांना मिठी मारायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी नुसता स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला.

जायच्या आधी मामांनी फाड्याची जी तयारी केली, तेवढी पोरींच्या लग्नातही केली नव्हती. जुनं तेल काढलं, नवं भरलं. दांडा पुरता आत घेतला, कारण बाहेर राहिला तर आमच्या दमट हवेत गंजतो आणि गंजलेला दांडा सील खातो. पाचरीला ग्रीस लावलं, वरून ताडपत्री बांधली. आठवड्यातून एकदा थोडा वेळ चालवा, नाहीतर रबर सुकेल, असं मला बजावलं. मला क्रमही परत म्हणायला लावला, तेल, गाळणी, पाइप, व्हॉल्व्ह, सिलिंडर. मी तो न चुकता म्हटला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना पसंत पडलो असं मला वाटलं. मसाल्याचा डबा त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला. गाडी सुटताना मी खिडकीशी उभा होतो, आणि डब्याच्या ब्रेकविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

आता ते बंगळुरात अकराव्या मजल्यावर आहेत. मेहुणी सांगते की त्या घरात काही बिघडतच नाही, आणि बिघडलं तर फोनवर बोट ठेवायच्या आत माणूस येऊन दुरुस्त करून जातो. मामांनी लिफ्टच्या कारागिराशी ओळख काढलीय, पण तो कन्नड बोलतो आणि हे औंढ्याची मराठी. दुपारी बाळ झोपलं की मामा आणि मामी गॅलरीत शेजारी शेजारी बसतात. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मामा जरा वाळलेत, असं मात्र मेहुणी म्हणते.

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे मी औंढ्याला जाऊन ताडपत्री सोडली, फाड्या सुरू केला, आणि चार वाजता त्यांचा फोन आला. मी तो पंपाजवळ धरला. तिकडे दोघंही ऐकत होते. "बरा चाललाय," मामी म्हणाल्या. "व्हय," मामा म्हणाले. ते काहीतरी खोट काढतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती काढावी अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी काही काढलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बंद करा, जावई. फोन तसाच धरा."

मी मोटर बंद केली. ती फिरत फिरत थांबली. मामा आता काय ते बोलतील म्हणून मी फोन पुढे धरून अंगणात उभा राहिलो. शेजारची शेळी ओरडली. शेवग्यावर चिमण्यांची भांडणं चालली होती. घरामागच्या ओढ्याला थोडं पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. खूप लांब, घाट चढून आलेल्या एका गाडीने भोंगा दिला. मला वाटलं, लाइन तुटली.

"मामा, येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"येतंय," मामी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या जरा येळ."

माझा हात भरून आला होता. मी दुसऱ्या हातात फोन घेतला आणि तसाच उभा राहिलो.